सीलिंगचे जबडे कोटिंगला पाठवण्याआधी

चिवडा-फरसाणाच्या दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर आल्यावर पॅकिंग मशीनचे जबडे, म्हणजे पाऊच तापवून-दाबून बंद करणाऱ्या धातूच्या पट्ट्या, काढायला कुणालाच सवड नसते. त्यामुळे नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या पॅकिंगवाल्यांनी जबड्यांना न चिकटणारं कोटिंग करून घेण्याचं हे काम गणपतीच्या आधीच हातात घ्यावं.

मशीन थंड करा, जबडे उतरवा आणि नेमकं काय चिकटतंय ते उजेडात नीट बघा. सगळा निर्णय इथेच ठरतो. खाचांमध्ये तेल, मसाला नि चुरा जळून काळा थर बसला असेल, तर घासणीला टिकणारं कोटिंग हवं. पण पाऊचचं प्लास्टिकच ओढलं जात असेल, तर आधी तापमान तपासा. लॅमिनेटचा, म्हणजे थरांच्या फिल्मचा, आतला पॉलिथिनचा थर ११० अंशांच्या आसपास वितळतो, बाहेरचा बीओपीपीचा (ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा) थर साधारण १६५ ला. तो बाहेरचा थरच वितळत असेल, तर कितीही महागडं कोटिंग लावा, पाऊच चिकटणारच. नुसत्या पॉलिथिनच्या पिशवीला मात्र बाहेरचा वेगळा थर नसतो. तिथे टेफ्लॉन लागतंच.

तापमान कंट्रोलरच्या आकड्यावरून धरू नका. तो आकडा जबड्याच्या पोटातला असतो. टेकवायच्या प्रोबने दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन फसवते.

आता कोटिंग. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत सतत चालतं, म्हणजे आपल्या कामाच्या उष्णतेला ते सहसा पुरून उरतं. ते जातं ते साफसफाईच्या पत्तीच्या ओरखड्यांनी, मिठाच्या कणांनी आणि वाकडे बसलेले जबडे एकमेकांवर आपटल्याने. फूट सीलरला (पायाने दाबायच्या मशीनला) आणि सपाट पट्टीला टेफ्लॉनचं कापड पुरे. झिजलं की बदललं, स्वस्तात काम. खाचांच्या जबड्यांना मी निकेल-टेफ्लॉनच सुचवेन. निकेलच्या कठीण थरात टेफ्लॉनचे कण असतात, थर दहा मायक्रॉनच्या आसपास बसतो आणि खाच बुजत नाही. फवाऱ्याचं टेफ्लॉन याहून जाड बसतं, शिवाय ते भट्टीत ३७० अंशांच्या वर भाजावं लागतं. ॲल्युमिनियमचा जबडा त्या आचेने नरम पडतो, म्हणून धातू कोणता ते कोटिंगवाल्याला आधीच सांगा.

पाठवताना हीटर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) काढून घ्या. हीटरचं भोक, स्क्रूचे आटे आणि सुरीची फट झाकायला सांगा. भोकात कोटिंग गेलं की हीटर नीट बसत नाही, धातूला पुरता टेकत नाही आणि जळतो. किती मायक्रॉनचा थर आणि अन्नाच्या पॅकिंगला चालतो का, हे बिलासोबत लेखी घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: जुनं टेफ्लॉन गॅसच्या टॉर्चने जाळून काढू नका. त्याचा धूर विषारी असतो, फुप्फुसांवर जातो, कामावरच्या पोराला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही की हे कशाने झालं. काढायचं काम कोटिंगवाल्यावरच सोडा, तो ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कणांचा जोरात मारा करून, काढेल.

जबड्यांचा दुसरा जोड करून ठेवता आला तर उत्तम. एक कोटिंगला गेला तरी मशीन उभं राहत नाही. परत आलेले जबडे बसवल्यावर कोरा कागद दाबून ठसा सारखा उमटतो का बघा, मगच प्रेशर वाढवा. ऑपरेटरच्या हातातली लोखंडी पत्ती त्याच दिवशी काढून घ्या. त्याला सुती फडकं आणि लाकडी पट्टी द्या, आणि जबडा कोमट असतानाच पुसायला सांगा.