डोंगरधारेवरची सोपी गोल फेरी आखताय? या चुका टाळा

“एकूण १२ किलोमीटरच ना? मग दुपारच्या जेवणाला परत.” डोंगरात नवीन असलेल्या माणसानं असं म्हटलं की माझी नजर आधी त्याच्या सॅककडे जाते, आत टॉर्च असेल का म्हणून. बहुतेक वेळा नसते.

गोल फेरी मला मनापासून आवडते. एका सोंडेनं, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत गेलेल्या डोंगराच्या फाट्यानं चढायचं, धार म्हणजे डोंगराचा लांबट, अरुंद माथा धरून दोन-तीन माथे ओलांडायचे, दोन्हीकडच्या दऱ्या बघत रमतगमत चालायचं आणि दुसऱ्या सोंडेनं उतरून जिथून निघालो तिथेच यायचं. तीच वाट दोनदा तुडवायला नको, पलीकडच्या टोकाला दुसरी गाडी ठेवायची भानगड नको. गोम एवढीच आहे की आल्या वाटेनं परतणाऱ्यानं आपली उतरण सकाळी चढतानाच पाहिलेली असते. गोल फेरीवाल्याला ती पहिल्यांदाच दिसते, तीही दिवस कलताना, गुडघे कुरकुरत असताना. म्हणून फेरी आखायची ती उतरणीकडून उलटी. लोक मात्र ती कुणाच्या तरी फोटोतल्या माथ्यापासून आखायला घेतात, आणि पुढच्या बऱ्याचशा चुका तिथून निघतात.

किलोमीटरवरून वेळ काढणं

सपाट रस्त्यावर तासाला ५ किलोमीटर चालतो, म्हणून डोंगरातही तेवढंच चालेन, असं धरून चालणारे खूप. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही वापरात आहे. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. त्याचे मूळ आकडे मैल-फुटांतले होते, ३ मैल आणि २००० फूट. समजा फेरी १२ किलोमीटरची आणि चढाई ७०० मीटर. चालीचे २ तास २४ मिनिटं, चढाईचा १ तास १० मिनिटं, झाले ३ तास ३४ मिनिटं.

इथपर्यंत आकडेमोड करून खूश होणारेही आहेत. पण हा हिशेब चांगल्या हवेत, चांगल्या वाटेवर न थांबता चालणाऱ्या तयारीच्या माणसाचा आहे. त्यात पाणी प्यायला थांबणं नाही, बुटाची नाडी नाही, मागे राहिलेल्याची वाट पाहणं नाही. धारेवरचे फोटो तर नाहीतच, आणि फेरी निवडलेली असते त्या फोटोंसाठीच! मी ५ च्या जागी ४ धरतो. मग चालीचे ३ तास, चढाईचा १ तास १० मिनिटं, त्यावर तासाला १० मिनिटांची विश्रांती, जेवणाला अर्धा तास. एकूण साडेपाच तासांच्या आसपास जातं. गटात नवखे असतील तर आणखी एक तास. याला शास्त्र वगैरे म्हणू नका, सवय आहे.

मग सूर्यास्ताची वेळ बघायची आणि त्याच्या दोन तास आधी खाली पोचायचं असं धरून मागे मोजत जायचं. सूर्यास्त सव्वासहाचा असेल तर सव्वाचारला खाली. नवख्यांचे साडेसहा तास वजा केले की पावणेदहा. ही निघायची शेवटची वेळ. त्या वेळेला अजून कुणी गाडीत पेट्रोल भरत असेल तर फेरी छोटी करायची, नाहीतर दुसऱ्या दिवशीवर ढकलायची. यावर लोक रुसतात. रुसू द्यावं.

चढाईचा आकडासुद्धा नीट काढा. सर्वांत उंच माथ्यातून सुरुवातीची उंची वजा केली की झालं, असं नसतं. धारेवर प्रत्येक खिंडीत उतरावं लागतं आणि तेवढंच पुन्हा चढावं लागतं. शिवाय नकाशातल्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीच्या दर २० मीटरला एक अशा काढलेल्या असतील, तर १५ मीटरचं टेकाड दोन रेषांच्या मधे गडप होऊ शकतं. अशी आठ टेकाडं म्हणजे १२० मीटर चढाई, जी कागदावर कुठेच नाही. ‘वर पोचलं की सपाटच आहे’ हे वाक्य तिथूनच येतं.

उतरायची सोंड ‘तिथे गेल्यावर बघू’

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवा आणि बोटं फाकवा. मनगटाकडे माथा, बोटं म्हणजे सोंडा. कुठल्याही बोटाच्या टोकावरून वर निघा, मनगटालाच पोचाल. खाली येताना मात्र पाच पर्याय, आणि वरून पाचही सारखेच दिसतात. चढताना माफ होणारी चूक उतरताना अशी अंगावर येते.

मागे एका ओळखीच्यांच्या गटाबरोबर शेपटाला चालत होतो. आखणी त्यांची, म्होरक्या त्यांचा, मी पाहुणा. धार सुंदर झाली, वारा छान, सगळे खुशीत. शेवटच्या खिंडीनंतर दोन सोंडा होत्या. पहिली रुंद, गवताळ, तिच्यावरून पांढुरकी वाट ठसठशीत खाली गेलेली. दुसरी पाचेक मिनिटं पुढे, तोंडाशी झुडपं, वाट जेमतेम. आपली होती दुसरी. नकाशात ती पश्चिमेला उतरत होती आणि पहिली नैर्ऋत्येला. होकायंत्र बाहेर काढलं असतं तरी कळलं असतं.

पण पहिल्या सोंडेच्या तोंडाशी उभं राहिलं की पायथ्याची गाडी दिसत होती. अगदी नाकासमोर, छतावर ऊन चमकतंय. एक पोरगा म्हणाला, “गाडी तर ही काय समोर! उगाच पुढे कशाला जायचं?” आणि सुटला. त्याच्यामागे चौघं, त्यांच्यामागे म्होरक्या. मी मागून ओरडलो, ते वाऱ्यात कुठल्या कुठे उडालं. सगळ्यांना एकत्र ठेवायचं म्हणून मलाही मागोमाग उतरावं लागलं.

ती ठसठशीत वाट ढोरवाट होती. खाली एका सपाटीवर वाळलेलं शेण, गुरांनी खुरांनी उकरलेली माती, आणि तिथे वाट संपली. गुरांना तिथपर्यंतच यायचं असतं. त्याच्या पुढे घसारा, म्हणजे पाय घसरेल अशी सुटी माती-खडी, आणि उतार असा फुगीर की पंचवीस पावलांपलीकडचं काही दिसेना. पोरगा म्हणे, इथून सरळ उतरू. मी नारळाएवढा एक दगड उचलला, खाली कुणी नाही याची खात्री केली आणि सोडला. दोन उड्या दिसल्या. मग दगड दिसेनासा झाला, आणि आपटल्याचा आवाज यायला नको इतका वेळ लागला. त्यानंतर सरळ उतरायची भाषा कुणी केली नाही.

दीडेकशे मीटर परत चढायचं होतं. मघाशी उड्या मारत उतरलेली माणसं आता दर वळणावर बसत होती. धारेवर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. उरलेली उतरण आठ जणांत एका टॉर्चवर झाली. बाकीच्यांच्या हातात मोबाइल, आणि कातळातल्या दोन टप्प्यांवर हात लागतात तेव्हा मोबाइल तोंडात धरून उतरणारी माणसं मी त्या रात्री पाहिली. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पोरानं ‘थोडं अ‍ॅडव्हेंचर झालं’ असं लिहून फोटो टाकले. माझ्या लेखी ते पाच मिनिटांच्या आळसाचं बिल होतं.

तर माझ्या सवयी अशा. दोन सोंडांपैकी वरून सापडायला जी अवघड, तिनं मी चढतो आणि सोपीनं उतरतो. बरेचदा यानं चढ जरा खडा येतो, पण खडा चढ गुडघ्यांना खड्या उतारापेक्षा परवडतो. उतरायच्या सोंडेबद्दल तीन गोष्टी कागदावर लिहून खिशात ठेवतो: कुठल्या खिंडीनंतर येते, तिच्या तोंडाची उंची किती, आणि ती कुठल्या दिशेला उतरते. जेवण माथ्यावर करत नाही, उतरायच्या सोंडेच्या तोंडाशी करतो. दृश्य थोडं कमी मिळतं, पण डबा उघडण्याआधी वाट सापडलेली असते आणि शोधायला उजेड हाताशी असतो. भूक लागलेली माणसं वाटही लवकर शोधतात, हा वरचा फायदा.

फुगीर उतार नकाशावर आधी ओळखता येतो. वर समोच्च रेषा विरळ आणि खाली एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर माथ्यावरून तुम्हाला फक्त वरचा गोडगोड भाग दिसणार. १:५०,००० च्या नकाशात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. रेषा २० मीटरच्या असतील आणि त्यांच्यात १ मिलिमीटर फट असेल, तर उतार साधारण २२ अंशांचा. फट अर्ध्या मिलिमीटरवर आली की ३९ अंश, आणि ती ‘सोपी’ फेरी उरत नाही. आणि कृपा करून सोंड आणि घळ यांची गल्लत करू नका. रेषांचं टोक कमी उंचीकडे वळलेलं असेल तर सोंड, जास्त उंचीकडे असेल तर घळ. ओढ्याच्या घळीतून उतरू म्हणणारे पुढे कुठल्या तरी कोरड्या धबधब्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहतात.

दुसऱ्याचा ट्रॅक डोळे मिटून घेणं

ट्रॅक म्हणजे कुणीतरी चालताना जीपीएसवर नोंदवलेली वाटेची रेघ. तो माणूस कुठल्या ऋतूत चालला, पळत गेला की रांगत, आणि मधली ती विचित्र वळवळ म्हणजे वाट आहे की तोही चुकलेला होता, यातलं काहीच ती रेघ सांगत नाही. ती कागदी नकाशावर पेन्सिलीनं स्वतः पुन्हा काढा. काढतानाच निम्म्या शंका वर येतात.

मधे उतरायची वाट न शोधणं

गोल फेरीत निम्म्यावर आलात की मागे आणि पुढे सारखंच अंतर. पाय मुरगळला तर काय, हा प्रश्न घरी विचारायचा. धारेवरून खाली जाणारी एखादी मळलेली वाट आधीच खूण करून ठेवा. अशी एकही नसेल तर नवख्यांना घेऊन ती फेरी मी करत नाही. आणि परत फिरायचं की नाही हे ठरवण्याची जागा धारेवर पोचल्या पोचल्या असते, दुसऱ्या माथ्यावर नसते.

खालच्या हवेवरून वरची हवा ठरवणं

उंचीबरोबर हवा सरासरी दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे ७०० मीटर वर साडेचार अंश कमी. खरा त्रास वाऱ्याचा. चढताना घामानं शर्ट भिजतो आणि धारेवर आडोसा नसतो, म्हणून वाऱ्याचं जॅकेट धारेवर पोचायच्या दहा मिनिटं आधी, आडोसा असतानाच घालायचं. विजांच्या बाबतीत मात्र कसलीही घासाघीस नाही. चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. धार सोडायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर पाऊल टाकायचं नाही. ‘फोटो काढून निघू’ म्हणणाऱ्याला सोडून खाली निघा, तो येतो मागे.

बाकीच्या, पटापट

नकाशा मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा उघडायला लागतं. वर गेल्यावर एअरप्लेन मोड लावा, नाहीतर नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते.

धारेवर पाणी मिळेल असं धरू नका. पाणी खालच्या अंगाला असतं.

नवे कोरे बूट नकोत.

टॉर्च माणशी एक. ‘आपण लवकर येणार आहोत’ हे तिच्याविरुद्धचं कारण होऊ शकत नाही.

चालण्याचा वेग सगळ्यात हळू माणसाचा. तो दमून पोचला की लगेच उठून निघणारे म्होरके मला अजिबात आवडत नाहीत. विश्रांती त्याला हवी असते आणि मिळते बाकीच्यांना.

कुठून चढणार, कुठून उतरणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे घरी कुणाला तरी लिहून द्या. नुसतं ‘डोंगरात जातोय’ पुरत नाही.

शिट्टी घ्या. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ही मदतीची खूण आहे, आणि ऐकणारा उत्तर म्हणून मिनिटात तीनदा वाजवतो. ती सॅकच्या तळाशी टाकू नका, खांद्याच्या पट्ट्याला बांधा, एका हातानं तोंडापर्यंत येईल अशी.