अस्वल आखाड्यावर येतंय? या चुका टाळा

गौताळा अभयारण्याच्या कडेची कन्नड-सोयगावची गावं असोत की किनवट-माहूरचा पट्टा, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरा-गोठ्यावर, अस्वल आलं की आधी फटाके आठवतात. फटाक्याने ते त्या रात्री पळतं, पण खायला मिळतंय तोवर परत येतं. त्याला दिसतं बेताचं, नाक मात्र भलतंच तेज.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पऱ्हाटी-तुराट्यांचा, म्हणजे कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग घराच्या भिंतीला टेकून रचणं. याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मातीला लागलेला खालचा थर ओल धरतो आणि त्याला वाळवी लागते. वरून आपल्याला पत्ता लागत नाही, अस्वलाला लागतो. वाळवी म्हणजे त्याचं रोजचं जेवण. लांब नखांनी उकरायचं, फुंकर मारून माती उडवायची आणि तोंड लावून वाळवी ओढायची. वरचे मधले दोन दात त्याला नसतात, त्या फटीतून हे काम फार सोयीचं होतं. ओढतानाचा आवाज रात्री बऱ्याच लांबून ऐकू येतो. सकाळी ढिगाजवळ खोल, निमुळता खड्डा दिसला तर लगेच रानडुकराच्या नावाने बोटं मोडू नका. डुक्कर बहुधा पसरट, उथळ उकरतं. सरपण घरापासून लांब, दगडांवर आडवी लाकडं टाकून हातभर उंच रचा.

दुसरी चूक मोहाच्या हंगामातली. मार्च-एप्रिलमध्ये वेचून आणलेली फुलं अंगणात वाळत घालतात आणि रात्रीही तशीच सोडतात. दिवस मावळायच्या आत ती गोळा करून झाकणाच्या पिंपात भरा. वेचायलाही अंधारात एकट्याने जाऊ नका. उजाडू द्या, मोठ्याने बोलत जा. अचानक जवळ गेलेल्या माणसावर अस्वल हमखास उलटतं.

बोरं, जांभळं, सीताफळं झाडाखाली सडू देऊ नका. पेंडीचं पोतं, गोडेतेलाचा डबा ओसरीवर नको. घराजवळ आग्या मोहोळ असेल तर जाणकाराकडून काढून घ्या. बाहेर बल्ब लावला की झालं, असंही समजू नका. खाणं तिथंच असेल तर उजेडातही ते खाऊन जाईल.

कुंपणात वीज मात्र कधीच सोडू नका. अस्वल १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे गुन्हा तर होतोच. शिवाय त्या तारेला आपलंच माणूस किंवा बैल चिकटतो.

समोर आलंच तर पळू नका, झाडावर तर मुळीच चढू नका, तेही चढतं. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा. पाठीवर पिल्लं असलेली मादी सगळ्यात जहाल. गाव गोळा करून घेरलं तर ते वाट फोडायला अंगावरच येणार. त्याला रानाकडची बाजू मोकळी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. कठडा नसलेल्या विहिरीकडे हाकलू नका. विहिरीत पडलंच तर आत बाज (खाट) सोडायच्या फंदात न पडता लोकांना काठावरून मागे घ्या आणि वनविभागाची माणसं येईपर्यंत थांबा.