भर दुपारी सोलर बंद पडतोय? या चुका टाळा

एप्रिलमधली दुपार, तासगाव तालुक्यातलं गाव. आभाळ निरभ्र, आणि छपरावरचा तीन किलोवॉटचा सोलर बंद. पॅनलची वीज घरच्या लाइनला जोडणाऱ्या इन्व्हर्टरच्या पडद्यावर व्होल्टेजचा आकडा चढत होता: 249, 251, 253... टक्‌कन आवाज आला आणि उत्पादन शून्य. थोड्या वेळानं चालू, पुन्हा तेच. काका म्हणाले, "मशीनच बाद निघालंय की ओ, बदलून द्या."

मशीन ठणठणीत होतं. इन्व्हर्टरला दोष देणं हीच पहिली चूक. गावठाणाची लाइन वेगळी, शेतीपंपांची वेगळी. दुपारी माणसं रानात, घरात फ्रिज आणि एखादा पंखा. एकाच डीपीवरचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे, आठ-दहा सोलर जोमात, पण वीज खायला कुणी नाही. ती उलटी डीपीकडे ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा चढं व्होल्टेज द्यावं लागतं. घरच्या ठरलेल्या 230 व्होल्टच्या 110 टक्के, म्हणजे 253 ओलांडलं की त्यानं लाइनपासून सुटायचं, असा नियमच आहे.

म्हणून आधी व्होल्टेज मोजा: सकाळी सातला, दुपारी साडेबाराला, रात्री आठला. फक्त दुपारी चढत असेल तर ती सोलरची गर्दी. रात्रीही तसंच असेल, किंवा एका घरात दिवे लखलखीत आणि शेजारी मिणमिणते असतील, तर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सैल असण्याची शंका घ्या. वायरमनला लगेच बोलवा, त्यात टीव्ही-फ्रिज जळतात.

सगळ्यात जास्त घोळ मला वायरीत सापडतो. काकांच्या इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत तीस मीटर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होती. 13 अँपिअरला जाऊन-येऊन जवळपास सहा व्होल्ट तिथेच वाढत होते. मीटरवर 247, इन्व्हर्टरला 253! सहाची वायर ओढली, वाढ अडीच व्होल्टच्या आत आली, आणि त्या दुपारी इन्व्हर्टर एकदाही सुटला नाही. वायरीत वाचवलेले पैसे असे रोज चार-चार युनिटांनी जातात.

कुणी म्हणेल, "सेटिंगमध्ये लिमिट 265 करून देतो." अजिबात करू देऊ नका. तुमचा सोलर चालेल, पण चढलेलं व्होल्टेज शेजाऱ्याच्या घरातही शिरेल.

दिलेल्या-घेतलेल्या विजेची वजाबाकी करणारा नेट मीटर आहे, मग वीज कधीही वापरा, हिशेब तोच, असं बरेच जण धरून चालतात. बिलापुरतं ते ठीक असेलही. लाइनला मात्र त्या क्षणाचाच भार कळतो. टाकी भरणं, कपडे, इस्त्री, घरघंटी हे 11 ते 3 मध्ये उरका. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचंही गणित हेच: पावसाळ्यात वारा सुटला तरी लाइन पेलेल तेवढीच वीज खाली उतरते. कोयनेचं पाणी संध्याकाळसाठी राखता येतं, ऊन-वारा राखता येत नाही. म्हणूनच सौर कृषी वाहिनीतून, म्हणजे गावाजवळच्या सोलर प्रकल्पातून, शेतीपंपांना दिवसा वीज देण्याची योजना मला मनापासून पटते. जवळच्या उपकेंद्रावर आलेली वीज तिथलेच पंप खातात.

एवढं करूनही आकडा उतरला नाही, तर बहुतेक सोलर एकाच फेजवर, म्हणजे डीपीच्या तीन तारांपैकी एकीवरच, आलेत का ते वायरमनला बघायला सांगा. एकट्यानं तोंडी तक्रार करू नका. डीपीवरच्या सगळ्या सोलरवाल्यांनी मिळून महावितरणच्या उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, तिन्ही फेजांवर घरं वाटून मागा. सोबत आठ दिवसांचे दुपारचे आकडे आणि पडद्याचे फोटो जोडा, वेळेसकट.