तैपेईचं 228 शांती उद्यान: कोणत्या क्रमाने पाहाल

228 म्हणजे दुसऱ्या महिन्याची 28 तारीख, वर्ष 1947: या दिवशी तैवानमध्ये सरकारविरुद्ध उठाव पेटला, तो सैन्याने चिरडला, हजारो माणसं गेली. मेट्रोच्या लाल मार्गावर एनटीयू हॉस्पिटल स्टेशन, 1 नंबरचं दार, की समोर उद्यान. पण थेट तिथे जाऊ नका. अर्धा दिवस काढा आणि घटना घडली त्या क्रमाने या. सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं.

सुरुवात दादाओचेंग या जुन्या वस्तीतून, हिरव्या मार्गावरच्या बेइमेन स्टेशनला उतरून. नानजिंग वेस्ट रोडवरच्या तियानमा टी हाऊससमोर 27 फेब्रुवारीच्या संध्याकाळी सरकारी तंबाखू मक्तेदारी खात्याच्या माणसांनी लिन च्यांग-माय या विधवेच्या चोरट्या सिगारेटी आणि पैसे हिसकावले, तिला मारलं. जमाव खवळला, तेव्हा झाडलेल्या गोळीत बघ्यांपैकी एक जण गेला. टी हाऊस आता नाही. इमारत शोधत फिराल तर चुकाल, फलक शोधा.

पुढचा टप्पा हमखास चुकतो. दुसऱ्या दिवशी मोर्च्यावर गोळीबार झाला तो उद्यानाजवळच्या राष्ट्राध्यक्ष भवनासमोर, असं बरेच जण धरून चालतात. जपानी काळातलं ते भवन बॉम्बहल्ल्यात पोळलेलं होतं, म्हणून चीन सरकारने तैवानवर नेमलेल्या प्रशासकाची कचेरी दुसरीकडे होती: शानदाओ टेंपल स्टेशनजवळ, आज जिथे एक्झिक्युटिव्ह युआन (तैवानचं मंत्रिमंडळ) आहे तिथे. तिथून उद्यान पायी पंधरा-वीस मिनिटं.

उद्यानातलं संग्रहालय म्हणजे जुनं रेडिओ केंद्र. जमावाने ते ताब्यात घेऊन बातमी बेटभर पोचवली आणि शहरातला दंगा बंड झाला. त्यामुळे मांडलेल्या वस्तूंइतकंच वास्तूकडेही लक्ष द्या. 8 मार्चला कीलुंग बंदरात चीनच्या मुख्य भूमीवरून सैन्य उतरलं. बळींचा 1992च्या सरकारी अहवालातला अंदाज 18 ते 28 हजार. 1987पर्यंत चाललेल्या लष्करी कायद्यात हे उघड बोलण्याची सोय नव्हती. फलकांवर चिनी मजकूर दाट आहे. फोनमध्ये भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा.

स्मारक शेवटी पाहा. 1995 साली ते उभं राहिलं तेव्हा त्यावर मजकूरच नव्हता, कारण दोष कोणाला द्यायचा यावर एकमत होईना. शिलालेख 1997चा.

28 फेब्रुवारीला सुट्टी असते, कार्यक्रम असतो. मृतांचे नातेवाईक येतात; त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. निवांत पाहायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

टॅक्सीवाल्याला नुसतं '228 संग्रहालय' म्हणालात तर नानहाय रोडवर पोचाल. तिथे 2011 साली उघडलेलं राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते वेगळं. तेही बघण्यासारखं आहे, पण त्याच दिवशी दोन्ही उरकू नका, डोकं भरून जातं. उद्यानातलं हवं असेल तर 'पार्क' हा शब्द जोडा, किंवा सरळ मेट्रोने या.