घटस्फोटाच्या दिवसांत संमोहनाचा आधार कसा घ्यावा

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या संमोहन-उपचाराच्या खोलीत जोडपी येतात, तेव्हा बहुतेकांचा निर्णय झालेला असतो. तरी पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, संमोहनानं यांचं मन वळवता येते का?" नाही येत. कुणाच्या मनाविरुद्ध संमोहन चालत नाही, आणि चाललं असतं तरी मी ते केलं नसतं.

संमोहन म्हणजे झोपही नव्हे. डोळे मिटलेल्या माणसाला कूलरची घरघर ऐकू येत असते, वाटलं तर तो उठून जाऊ शकतो. लक्ष एका जागी आलेलं असतं आणि अंग सैल पडलेलं असतं, इतकंच. घटस्फोटात हे इतकंच फार मोलाचं ठरतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे संमतीनं वेगळं व्हायचं तरी अर्जाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं, पण सगळ्यांना ती सवलत मिळतेच असं नाही. तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, झोप उडते, आणि नेमकं तेव्हाच पोटगीचं आणि मुलांचं बोलायचं असतं.

सत्र दोघांनी वेगवेगळंच घ्या. सुरुवातीच्या काळात मी एका जोडप्याला एकत्र बसवलं होतं. डोळे मिटल्यावर ती मोकळेपणी रडली, बोलली, आणि दोन दिवसांनी त्यानं तेच शब्द भांडणात तिच्या तोंडावर फेकले. ती चूक माझी होती. त्यानंतर मी असं कधीच केलं नाही.

फिट येत असतील किंवा भास होत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला विचारा. घरात मारहाण असेल, तर संमोहन बाजूला ठेवा. आधी १८१ किंवा ११२ ला फोन करा आणि सुरक्षित जागी जा.

आता मुख्य काम. 'संसार मोडला' एवढा मोठा विषय घेऊन बसू नका, एकच क्षण निवडा. माझ्याकडे आलेल्या एका वडिलांचा क्षण शनिवारी संध्याकाळचा होता. ते लेकीला न्यायला बायकोच्या इमारतीखाली उभे राहायचे. लेक पाठीवर दप्तर घेऊन यायची, मागून तिची आई डबा घेऊन यायची, आणि यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "पुन्हा उशीर केला न!" पुढचा तमाशा लेकीसमोर.

मी त्यांना भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायला लावलं. पापण्या जड झाल्यावर श्वास सोडताना आकडे उलटे मोजायला सांगितले. मग फुटाळा तलावाच्या काठावरची त्यांची आवडती जागा डोळ्यांसमोर आणली. वारा, पाण्यावरचं ऊन, सगळं सावकाश. तिथं मन निवलं, तेव्हा अंगठा आणि तर्जनी हलकेच दाबायला लावली, म्हणजे पुढे बोटं दाबली की तीच शांतता आठवेल. त्यानंतरच त्यांना मनानं बायकोच्या इमारतीच्या फाटकाशी नेलं. खांदे वर चढले की परत फुटाळा, बोटं दाबायची, पुन्हा फाटक. पहिलं वाक्य मी दिलं नाही, ते त्यांनीच शोधलं: "जेवली का ग, पिल्लू?"

घरी रोज दहा मिनिटं हाच सराव करा, रात्री झोपायच्या आधी. स्कूटर चालवताना किंवा गॅससमोर उभं राहून नको. सत्रातून उठल्या उठल्या कशावरही सही करू नका, ती दुसऱ्या दिवशी वकिलाशी बोलून करा. आणि 'आमच्या लग्नात खरं काय झालं ते संमोहनात आठवून द्या' असं कुणी म्हणत असेल, तर तिथं जाऊ नका. त्या अवस्थेत मन आठवणींत भर घालतं आणि ती भर खरीच वाटते. आधीच दोघांकडे भांडायला पुरेसं असतं.

चौथ्या शनिवारानंतर ते वडील आले तेव्हा म्हणाले, "उशीर तर आजही झाला मॅडम. पण मी डबा घेतला आणि विचारलं, धुऊन पाठवू का?" ती 'हो' म्हणाली होती.