गोपनीय अहवालातला शेरा पटला नाही तर

मराठवाड्यातल्या तहसील कार्यालयांत सप्टेंबर-ऑक्टोबर अनेकदा अतिवृष्टीच्या पंचनाम्यांतच सरतात. चिखल तुडवून बांधावर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात मात्र ‘कामात दिरंगाई’ एवढेच दोन शब्द उमटतात. अशा वेळी पहिल्याच संतापात अर्ज लिहू नये. आधी साहेबांची वेळ घेऊन, ‘साहेब, दिरंगाई नेमकी कोणत्या कामात दिसली?’ एवढेच विचारावे. पुष्कळदा दुसऱ्याच सज्जाची (तलाठ्याच्या कार्यक्षेत्राची) थकलेली कामे आपल्या नावावर पडलेली निघतात.

दाद मागायला शेरा वाईटच असला पाहिजे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयात २००८ मध्ये निकाली निघालेल्या देवदत्त प्रकरणात ‘चांगला’ या प्रतवारीनेच बढती अडली होती, कारण तिथे ‘अतिशय चांगला’ असणे आवश्यक होते. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे आणि तिच्याविरुद्धच्या निवेदनावर शेरा देणाऱ्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने निर्णय घ्यावा, असे न्यायालयाने त्यात सांगितले. म्हणून प्रत मिळाली नसेल तर ती लेखी मागावी आणि पोचपावती जपून ठेवावी.

निवेदनाचे खरे बळ पुराव्यात असते. शेरा शब्दशः उतरवून त्याखाली उत्तर द्यावे. ‘साहेबांचा माझ्यावर आकस आहे’ हे वाक्य, ते खरे असले तरी, खोडावे. कारण वरिष्ठ तेवढेच वाचतो आणि बाकीचे बाजूला ठेवतो. त्याऐवजी ‘सज्जातील ३१२ पंचनामे मुदतीच्या एक दिवस आधी, २४ ऑक्टोबर रोजी सादर केले, आवक शिक्क्याची प्रत सोबत आहे’ असे लिहावे. तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर आलेले आदेशही तारखेसह नमूद करावेत. एक पान पुरते, आणि ते अहवालासोबतच्या पत्रातील मुदतीतच जावे.

खरे तर ही तयारी स्वयंमूल्यमापन, म्हणजे अहवालासाठी स्वतःच्या कामाची माहिती, भरतानाच व्हायला हवी. तिथे ‘सोपवलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली’ असे ठोकळ वाक्य लिहून बहुतेक जण मोकळे होतात, आणि पुढे आकडे शोधत आवक-जावक नोंदवह्या चाळत बसतात.

निवेदन फेटाळले गेले तर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जाता येते. त्यासाठी अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. सहा महिन्यांत उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजतात.