परदेशात घरचं जेवण शोधताना या चुका टाळा

घरातलं कुणी युरोपला निघालं की फोन मला येतो. "तिकडे आपलं काही मिळतं का गं?" मिळतं. भरपूर मिळतं. पण लोक भलत्या ठिकाणी शोधतात, दोन दिवस अर्धपोटी काढतात आणि परत येऊन सांगतात, खायचे फार हाल झाले. दरवेळी त्याच चुका, म्हणून एकदाच लिहून काढते आहे.

भूक लागल्यावर फोनवर 'इंडियन रेस्टॉरंट' शोधणं

सगळ्यात मोठी चूक हीच. तीन वर्षांपूर्वी आम्ही म्युनिकला पोचलो तो शनिवार, रात्रीचे नऊ वाजलेले. सोबत सासरे. बाबा दिवसभर काहीही खातील, पण रात्री दहीभात लागतोच. सुपरमार्केट आठलाच बंद झाली होती. नवऱ्याने फोनवर रेस्टॉरंट शोधलं, पंचवीस मिनिटं चालत गेलो. भात आला तो सुटा, बासमतीचा, वर जिरं तळलेलं. दही म्हणून आलं ते साखर घातलेलं रायतं. बाबांनी चार घास चिवडले आणि ताट सरकवलं. काही बोलले नाहीत, पण त्या रात्री ते जागेच होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनातली मात्र उघडी असतात. सकाळी तिथे जाऊन तीन गोष्टी आणल्या. 'मिल्शराइस', म्हणजे त्यांचा खिरीचा आखूड, जाड तांदूळ. 'नाटुअरयोगुर्ट', म्हणजे साधं दही, डब्यावर ३.५ टक्के लिहिलेलं. आणि 'बुटरश्माल्त्स', म्हणजे चक्क तूप. खोलीला छोटं स्वयंपाकघर होतं. तांदळात चौपट पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर ठेवला. अर्ध्या तासात गुरगुट्या भात तयार. आंबेमोहोराचा वास नव्हता, पण मऊपणा तोच. वर मेतकूट, तूप, बाजूला दही. बाबांनी ताट पुसून घेतलं आणि म्हणाले, "अजून आहे का गं?"

तेव्हापासून मी रेस्टॉरंट शोधतच नाही, किराणा दुकान शोधते. युरोपातल्या बहुतेक इंडियन रेस्टॉरंटांचा मेनू पंजाबी धाटणीचा असतो. तो वाईट नाही, पण वरण-भाताची भूक त्याने भागत नाही. भारतीय किराणा नसेल तर तुर्की दुकान गाठा. म्युनिक स्टेशनाच्या दक्षिणेच्या गल्ल्यांत अशी बरीच आहेत. तिथे सोललेली लाल मसूर मिळते, ती कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते. बुलगूर म्हणजे आधी उकडून वाळवलेला दलिया. आयरान म्हणजे खारं ताक. फक्त कोथिंबीर घेताना पान चुरडून वास घ्या, हुबेहूब तशीच दिसणारी पार्सली शेजारीच असते.

इथला इलेक्ट्रिक कुकर जपान-अमेरिकेला नेणं

आपली वीज २३० व्होल्टची, जपानची १०० ची, अमेरिकेची १२० ची. व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की उष्णता निम्मी होत नाही, त्याहून कितीतरी जास्त घटते. इथला ५०० वॅटचा कुकर जपानात जेमतेम ९५ वॅटने तापतो. ओळखीतलं एक जोडपं टोकियोत तासभर खिचडी होण्याची वाट बघत बसलं, पाणी कोमटच. अडॅप्टर लावला होता, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. अहो, अडॅप्टर पिन बदलतो, व्होल्टेज नाही! जपानातल्या छोट्या दुकानांत शिजवलेल्या साध्या भाताची पाकिटं मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतात. तो भात आधीच चिकट असतो, दह्यात छान कालवला जातो.

पेढे, तूप, श्रीखंड बॅगेत भरणं

युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. "कोण बघतंय" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, यादीतून ते सरळ काढून टाकते. ऑस्ट्रेलियाला जाताना तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा, अगदी चिवडासुद्धा.

खसखस

दुबई आणि सिंगापूर, दोन्हीकडे बंदी. अंमली पदार्थांच्या कायद्याचा मामला आहे, थट्टा नाही. दिवाळीत मुलाकडे अनारसे नेणाऱ्या प्रत्येक आईला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

फक्त 'व्हेज' विचारणं

जपानात मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. थायलंडमध्ये भाजीत फिश सॉस असतो. 'मांस नको' एवढं पुरत नाही. मासे नकोत, माशाचा रस्साही नको, हे तिथल्या भाषेत लिहून घ्या आणि कागद दाखवा.

डब्यावरचं न वाचता दही घेणं

व्हॅनिलाचं निघतं. भातात कालवल्यावर कळतं.

खोलीत फोडणी करणं

मोहरी तडतडली की धूर, आणि धूर झाला की अलार्म. घाई करणारे हमखास इथे अडकतात. मी निघायच्या आदल्या दिवशी घरीच उपमा-रवा करून घेते. तेलात मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता घालायचा. पान मुठीत चुरा होईल इतकं कुरकुरीत झालं पाहिजे, ओलं राहिलं तर रवा चार दिवसांत खराब होतो. मग रवा घालून खमंग भाजायचा, मीठ-साखर घालायची, पूर्ण गार करायचा आणि एकेका वाटीच्या पुड्या बांधायच्या. तिकडे गेल्यावर अडीच वाट्या उकळतं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं घट्ट झाकण लावून ठेवायचं. झाकण मध्ये उघडायचं नाही.